जिंकण्याची वेळ, थांबण्याचा हुकूम

राइनहार्ट फॉन लोहेनग्राम दहा वर्षांचा असताना त्याच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला, आनेरोजेला, सम्राटाच्या अंतःपुरात नेण्यात आलं. बापाने हूं की चूं केलं नाही. पोराने मनाशी गाठ बांधली की हे राजघराणंच उलथवायचं, आणि त्यासाठी सगळ्यात जवळची वाट लष्करातून जाते. यांग वेन-लीला इतिहास शिकायचा होता. व्यापारी बाप अपघातात गेला आणि त्याने आयुष्यभर जमवलेल्या जुन्या कलावस्तू बहुतेक नकली निघाल्या. फी भरायला पैसे नव्हते. लष्करी प्रबोधिनीत इतिहास फुकट शिकता येतो, म्हणून त्याने तिथे नाव घातलं. पुढे तो विभागच बंद झाला आणि त्याची रवानगी रणनीतीच्या वर्गात झाली.

योशिकी तानाका यांच्या ‘गिंगा एइयू देन्सेत्सू’ म्हणजे ‘आकाशगंगेतील वीरांची आख्यायिका’ या कादंबरीचे हे दोन नायक. पहिला खंड नोव्हेंबर १९८२मध्ये तोकुमा प्रकाशनाने काढला, दहावा १९८७मध्ये आला आणि १९८८मध्ये या मालिकेला जपानी विज्ञानकथेचा मानाचा सेइउन पुरस्कार मिळाला. ‘लाइट नॉव्हेल’ हे नाव तेव्हा रूढ झालेलं नव्हतं. ते आलं १९९०च्या सुमारास, संगणकावरून गप्पा मारणाऱ्या वाचकांमधून. पण सुटसुटीत आकार, चित्रमय मुखपृष्ठ, तरुण वाचक आणि खंडामागून खंड वाढत जाणारी कथा हे त्या परंपरेचं सगळं बियाणं इथे आहे. एकाच कथेत दोन तोलामोलाचे नायक समोरासमोर उभे करून वाचकाला कुणा एकाच्या बाजूला सुखाने बसू न देण्याची रीतही पुढच्या लेखकांना इथे तयार मिळाली.

कथा दूरच्या भविष्यातली आहे. एकीकडे रुडॉल्फ फॉन गोल्डेनबाउमने स्थापलेलं साम्राज्य, दुसरीकडे तिथून निसटलेल्यांच्या वंशजांनी उभारलेलं लोकशाही राष्ट्रमंडळ. दोघांत दीडशे वर्षं लढाई चाललेली. हुकूमशाहीच्या बाजूला तरुण, देखणा, कर्तबगार राइनहार्ट; लोकशाहीच्या बाजूला चहात ब्रँडी ओतून पुस्तक वाचत बसणारा, निवृत्तिवेतनावर डोळा ठेवून असणारा यांग. एवढ्यावरून ही राज्यपद्धतींची तुलना वाटते, आणि बरेच वाचक तशीच ती वाचतात. मला मात्र या दहा खंडांचा जीव वेगळ्या प्रश्नात दिसतो: वीराने आपल्या माघारी काय ठेवावं?

पहिल्या खंडातला दुखवट्याचा प्रसंग पाहा. आस्टार्टेच्या लढाईत राष्ट्रमंडळाची चाळीस हजार जहाजं राइनहार्टच्या वीस हजार जहाजांपुढे उधळली गेली. तीन दिशांनी येणाऱ्या तीन ताफ्यांना त्याने एकेकटं गाठलं. शेवटचा ताफा वाचला तो जखमी वरिष्ठाच्या जागी ऐनवेळी सूत्रं हाती घेतलेल्या यांगमुळे. राजधानीत मृतांसाठी सभा भरते. संरक्षण खात्याचा प्रमुख योब ट्रुनिश्ट हुतात्म्यांच्या नावाने शत्रूच्या नि:पाताची हाक देतो आणि सभागृह उठून उभं राहतं. लढाईहून परतलेला यांग तेवढा बसून राहतो. शेजारचा अधिकारी खवळतो. यांग त्याला शांतपणे सांगतो की न उठण्याचं स्वातंत्र्यही या देशात असायला हवं. मग जेसिका एडवर्ड्स व्यासपीठाकडे चालत जाते. तिचा वाग्दत्त वर त्याच लढाईत मेला आहे. ती ट्रुनिश्टला विचारते, दुसऱ्यांना मरायला पाठवताना तुम्ही स्वतः कुठे आहात? तुमच्या घरचे कुठे आहेत? रक्षक तिला बाहेर काढतात आणि राष्ट्रगीताच्या सुरांत तिचा प्रश्न बुडवला जातो.

तानाका यांचा मोठेपणा असा की त्यांनी यांगची बाजू सोपी ठेवली नाही. निवडणूक तोंडावर आली म्हणून राष्ट्रमंडळाचं मंत्रिमंडळ तीन कोटी सैनिक साम्राज्यावर धाडतं. विरोधात मत देतात फक्त तिघे, आणि त्यांतला एक खुद्द ट्रुनिश्ट, कारण ही मोहीम बुडणार हे त्याला दिसतं. दोन कोटी माणसं परत येत नाहीत. उलट राइनहार्ट सत्तेवर आल्यावर सरदारांचे विशेषाधिकार मोडतो, जाचक कर उठवतो, कायदा सगळ्यांना सारखा करतो. साम्राज्यातल्या सामान्य रयतेला पाचशे वर्षांत लाभला नव्हता असा राज्यकर्ता तिला लाभतो. हे खरं आहे, आणि कादंबरी ते हातचं न राखता सांगते.

राइनहार्टच्या वीरत्वाचा पाया म्हणजे ज्याच्यात ताकद आहे त्याने जग आपल्या हाताने सरळ करावं. ही कल्पना खुजी नाही. तो सगळ्यांच्या पुढे राहून लढतो, शूर शत्रूचा मान राखतो. पण तिची किंमत वेस्टरलँड ग्रहावर कळते. राइनहार्टविरुद्ध युद्ध पुकारलेल्या सरदारांचा म्होरक्या ड्यूक ब्राउनश्वाइग आपल्याच बंडखोर प्रजेवर अण्वस्त्रं टाकतो आणि वीस लाख माणसं भाजून मरतात. हल्ला होणार याची बातमी राइनहार्टच्या गोटात आधी आलेली असते. सल्लागार ओबरस्टाइनचं म्हणणं असं की हल्ला होऊ द्यावा, त्याचं चित्रण जगाला दाखवावं; सरदारांची बाजू कोसळेल, युद्ध लवकर संपेल आणि त्याहून कितीतरी जास्त जीव वाचतील. हिशेब चुकीचा नाही. राइनहार्टचा बालमित्र किर्खाइस तो तरीही मानत नाही. सरदारांनी असं करणं अपेक्षितच होतं, तू मात्र वेगळ्या पायावर उभा आहेस, असं तो तोंडावर सांगतो. दोघांत बिनसतं. किर्खाइसला त्याच्याजवळ शस्त्र घेऊन येण्याची असलेली मुभा काढून घेतली जाते आणि लवकरच राइनहार्टला वाचवताना तो नि:शस्त्रच मरतो. त्यानंतर या माणसाला ‘चूक’ म्हणणारा बरोबरीचा कुणी उरत नाही. एका माणसाच्या गुणांवर उभ्या असलेल्या राज्याचं हे दुखणं तानाका मैत्रीच्या गोष्टीतून दाखवतात, आणि म्हणून ते जिव्हारी लागतं.

आता व्हर्मिलियनची लढाई. अवकाश कालगणनेच्या ७९९व्या वर्षी यांगचा ताफा राइनहार्टच्या ‘ब्रुनहिल्ड’ जहाजाला टप्प्यात आणतो. एक आज्ञा पुरे. त्याच वेळी राइनहार्टचे दोन सेनापती राष्ट्रमंडळाच्या राजधानीवर जाऊन पोहोचलेले असतात. ट्रुनिश्ट शरण जातो आणि बिनशर्त युद्धविरामाचा हुकूम येतो. शोनकॉफ हा यांगचा बेधडक सहकारी म्हणतो, हुकूम कानाआड करा, एकदा तोफा डागा, जग तुमचं. यांग तोफा थांबवतो.

माझ्या वाचनातल्या युद्धकथांमध्ये याच्या जवळपास जाणारा प्रसंग मला आठवत नाही. जपानी परंपरेला हरणारा वीर नवा नाही. ११८९मध्ये कोरोमोगावाकाठी संपलेल्या मिनामोतो नो योशित्सुनेवर जपानने शतकानुशतकं जीव लावला, आणि आयव्हन मॉरिस यांनी १९७५मध्ये अशा पराभूत वीरांवर अख्खा ग्रंथ लिहिला. पण ते वीर मनाच्या निर्मळपणापायी, निष्ठेपायी हरतात. यांग ज्या सरकारचं ऐकतो त्याच्याबद्दल त्याला काडीचा आदर नाही. ट्रुनिश्टचा त्याला किळस येतो. तो मानतो एवढंच की लोकांनी निवडलेल्या सरकारचा हुकूम सेनापतीने सोयीनुसार मोडायचा नसतो, कारण एकदा मोडला की पुढचा सेनापती त्याहून वाईट असू शकतो. रुडॉल्फही लोकांचा लाडका वीर म्हणूनच वर चढला होता.

राइनहार्टला हा विजय दान मिळाल्यासारखा बोचतो. भेटीत तो यांगला आपल्याकडे बोलावतो. यांग नकार देतो. लोकांनीच आपल्या हाताने रुडॉल्फला गादीवर बसवलं ना, हा राइनहार्टचा सवाल बिनतोड आहे. यांगचं उत्तर असं की एकाच्या राज्यात वाईट कारभाराचं खापर लोक दुसऱ्यावर फोडू शकतात, आणि ती सवय त्यांना लागणं हाच त्या राज्याचा मोठा गुन्हा.

मी यांगच्या बाजूचा आहे, पण त्याच्या खात्यातली बाकी मला दिसते. त्या दिवशी तोफा थांबल्यावर युद्ध दोन वर्षं चाललं आणि लाखो माणसं मेली. सत्ता नको म्हणणारा यांग शेवटी इझरलोन किल्ल्यात अशा लोकांच्या गराड्यात बसतो ज्यांची निष्ठा तत्त्वाहून अधिक त्याच्यावर आहे. राजकारणात उतरून ट्रुनिश्टसारख्यांची वाट अडवणं त्याने कधी मनावर घेतलं नाही, आणि ही त्याची उणीव मी क्षम्य मानत नाही.

पुढच्या पिढीत हा झगडा वेगळ्या रूपांत आला. गेन उरोबुची यांच्या ‘फेट/झीरो’त (२००६-०७, चार खंड) तीन राजे किल्ल्याच्या अंगणात मद्य पीत राजेपणावर वाद घालतात. देशासाठी स्वतःला वाहून घेणाऱ्या आर्थर राजाला, जो इथे एक तरुणी आहे, सिकंदर झिडकारतो: राजाने सगळ्यांहून रसरशीत जगावं, लोकांना त्याच्यासारखं व्हावंसं वाटावं. हा सिकंदर राइनहार्टचा सख्खा भाऊ शोभावा. आणि थोड्यांना मारून पुष्कळांना वाचवणाऱ्या किरित्सुगूला त्याचाच हिशेब दाखवला जातो: एका जहाजावर तीनशे, दुसऱ्यावर दोनशे, जगातली शेवटची पाचशे माणसं. तीनशेंसाठी दोनशे मारले की उरलेले तीनशे पुन्हा विभागले जातात आणि गणित पुन्हा सुरू होतं. ओबरस्टाइनला वेस्टरलँडवर द्यायला हवं होतं ते उत्तर मला इथे सापडलं.

यांग तेहतिसाव्या वर्षी मारेकऱ्यांच्या हातून मरतो, राइनहार्ट पंचविसाव्या वर्षी आजाराने. यांगचा मानसपुत्र युलियन मिंत्स शेवटच्या लढाईतून थेट राइनहार्टच्या जहाजात घुसतो आणि समोर गेल्यावर मागतो काय, तर राष्ट्रमंडळाची राजधानी असलेल्या हाइनेसन ग्रहाला स्वायत्तता आणि साम्राज्याला राज्यघटना. स्वायत्तता मिळते, घटनेचा विचार राइनहार्ट पुढच्यांवर सोपवतो. तोवर त्याचा मुलगा जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा आहे आणि त्याच्या नावाने राज्य चालवणार आहे त्याची आई हिल्दा. ती समंजस आहे, राइनहार्टहून शांत डोक्याची आहे. घटना मात्र अजून लिहायची आहे, आणि ते मूल मोठं होऊन कसं निघेल हे युलियनच्या हातात नाही.