नैराश्य आणि ‘ड’ जीवनसत्त्व

मनोविकार विभागात येणारे अनेक नातेवाईक अलीकडे रक्ततपासणीचा अहवाल हाती घेऊनच येतात. त्यात ‘ड’ जीवनसत्त्वाच्या आकड्याखाली रेघ ओढलेली असते. “म्हणजे आजार मनाचा नाही, नुसती कमतरता आहे ना?” असे विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव असतो. मनाच्या आजाराचे नाव उच्चारणे आजही घराघरांत जड जाते, त्यामुळे हा भाव समजण्यासारखा आहे. काही हितचिंतकांनी तर नैराश्याच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी विनामूल्य व्हावी म्हणून देणगी देऊ केली. त्यांच्या सद्भावनेचा आदर राखून, आमच्या तज्ज्ञांकडून समजून घेतलेली वस्तुस्थिती येथे मांडीत आहे.

नैराश्यग्रस्तांच्या रक्तात या जीवनसत्त्वाची पातळी कमी आढळते, हे खरेच आहे. २०१३ साली ३१ हजारांहून अधिक व्यक्तींवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यातही हाच संबंध दिसला. परंतु खतावणीत दोन रकमा शेजारी दिसल्या म्हणून एक दुसरीमुळे आली असे कोणी हिशेबनीस म्हणणार नाही. नैराश्याने ग्रासलेला माणूस घराबाहेर पडत नाही, दिवसा पडून राहतो, जेवणावरची त्याची वासना उडते. सूर्यप्रकाशच मिळाला नाही तर त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होणार कसे? म्हणजे कमतरता हे आजाराचे कारण नसून परिणामही असू शकेल.

याची कसोटी अमेरिकेत लागली. पन्नाशीच्या पुढील १८,३५३ व्यक्तींपैकी निम्म्यांना रोज २,००० एकके ‘ड’ जीवनसत्त्व व उरलेल्यांना तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी सुमारे पाच वर्षे देण्यात आली. २०२० साली निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा दोन्ही गटांत नैराश्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. ज्यांना आधीच नैराश्य आहे अशांवरील लहान अभ्यासांपैकी काहींत थोडा लाभ दिसला, काहींत नाही. नेहमीच्या उपचारांची जागा घेईल इतका भक्कम आधार त्यातून मिळत नाही.

शिवाय आपल्या देशात, एवढे ऊन असूनही, ही कमतरता निरोगी माणसांतही सर्रास आढळते. बंद खोलीतील काम, अंगभर वस्त्रे, सावळी त्वचा आणि आहारातून होणारा अल्प पुरवठा ही त्याची कारणे. (कोवळ्या उन्हाची आपली आवड सुखद खरी, पण आवश्यक ते अतिनील किरण सकाळी फार थोडे असतात आणि खिडकीच्या काचेतून ते जवळपास येतच नाहीत.)

तपासणी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. थकवा, अंगदुखी, स्नायूंचा अशक्तपणा ही लक्षणे दोन्हींत असतात. डॉक्टरांनी सुचविल्यास तपासणी करावी आणि पातळी २० नॅनोग्रॅमच्या खाली असल्यास हाडे व स्नायूंसाठी ती भरून काढावी. मात्र ६०,००० एककांची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. ती रोज घेतली गेल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, गोंधळलेपणा व मूत्रपिंडास इजा होऊ शकते.

यापेक्षा मोठी हानी दुसरीच आहे. ‘कमतरता सापडली’ म्हणून नैराश्याची गोळी घरच्या घरी बंद केली जाते. या औषधांचा गुण दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही ती साधारणतः सहा महिने तरी चालू ठेवावी लागतात. मध्येच थांबविल्यास आजार उलटतो, आणि तीव्र नैराश्यात जिवाचा प्रश्न असतो.

हे सर्व विचारात घेऊन विश्वस्त मंडळाने देणगीदारांच्या संमतीने तो निधी गरजू रुग्णांची औषधे व समुपदेशकाचे मानधन यांकडे वळविला आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली तपासणी गरीब रुग्णांसाठी विनामूल्य राहीलच. रुग्ण जगणे नकोसे झाल्याची भाषा करू लागल्यास त्याला एकटे सोडू नये व विनाविलंब रुग्णालयात आणावे. केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र विनाशुल्क उपलब्ध असून त्यावर मराठीतून बोलता येते.