पोटफुगी, जनावरांतील
गाय, म्हैस, शेळी, मेंढी इ. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या रोमंथिकेत (पोटाच्या चार कप्प्यांपैकी सर्वांत मोठ्या कप्प्यात) वायू कोंडल्याने उद्‌भवणारा विकार. सूक्ष्मजंतूंमुळे चाऱ्याचे किण्वन (आंबण्याची क्रिया) होऊन तेथे कार्बन डाय-ऑक्साइड व मिथेन हे वायू सतत तयार होतात. प्रौढ गाईत त्यांचे प्रमाण ताशी ३० लिटर वा अधिक असू शकते. एरवी ते ढेकरांवाटे बाहेर पडतात.

विकाराचे दोन प्रकार आहेत. कोवळी लसूणघास, बरसीम यांसारखा शिंबावंत चारा अतिप्रमाणात खाल्ल्यास त्यातील विद्राव्य प्रथिनांमुळे चिवट फेस होतो व वायू त्याच्या बुडबुड्यांत अडकतो. दुसऱ्या प्रकारात वायू मोकळा असतो. परंतु अन्ननलिकेत कंद, आंब्याची कोय यांसारखा पदार्थ अडकल्याने ढेकर येत नाही. दोहोंतही डावी कूस (भकाळी) फुगते व तीवर टिचकी मारल्यास नगाऱ्यासारखा आवाज येतो. मध्यपटलावर दाब पडून श्वसन अवघड होते आणि काही तासांतच मृत्यू ओढवू शकतो.

मोकळा वायू पोटात नळी घालून किंवा निकडीच्या वेळी पशुवैद्याकडून डाव्या कुशीत ट्रोकार टोचून काढता येतो. फेसाळ प्रकारात एवढ्याने भागत नाही; फेस मोडण्यासाठी गोडेतेल (मोठ्या जनावरास २५० ते ५०० मिलि.) पाजतात. पाजताना जीभ ओढून धरल्यास तेल श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसशोथ होण्याचा धोका असतो. चरावयास सोडण्यापूर्वी कडबा वा वाळलेले गवत देणे आणि हिरव्या चाऱ्याची सवय हळूहळू लावणे, हे प्रतिबंधक उपाय होत.