पर्शियन मांजरीचा लळा येतो कुठून?

पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा प्रवासी १६२३च्या फेब्रुवारीत जहाजाने सुरतेला आला. त्याआधीची काही वर्षं त्याने इराणात घालवली होती. तिथून १६२० साली लिहिलेल्या पत्रात त्याने खोरासानच्या मांजरांचं भरभरून वर्णन केलं आहे. राखाडी रंग, रेशमासारखे लांब केस, पाठीवर खारीसारखी वळवलेली झुपकेदार शेपटी. अशा चार जोड्या इटलीला न्यायचा त्याचा बेत होता. पोर्तुगीज लोक ही मांजरं इराणातून हिंदुस्थानात नेतात, हेही त्याने नोंदवून ठेवलं.

आज सुरतेत पर्शियन मांजर बघायला बंदरावर जावं लागत नाही. शहराच्या पूर्वेला पर्वत पाटिया, गोडादरा, लिंबायत या पट्ट्यात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं, राजस्थानी आणि गुजराती व्यापारी, कापड मार्केटात राबणारी माणसं शेजार धरून राहतात. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कुत्र्यापेक्षा मांजर सोयीचं. मग एखाद्या घरी मांजरी येते, तिला ‘क्रॉसिंग’ला नेलं जातं आणि पिल्लं झाली की चेहरा किती चपटा यावरून डॉल फेस, सेमी पंच, पंच फेस असे भाव ठरतात. मात्र या पर्शियनचा पर्शियाशी असलेला संबंध आता बराचसा नावापुरता उरला आहे. जगभरच्या मांजरांच्या डीएनएची तुलना २००८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा आजचं पर्शियन मांजर पश्चिम युरोपातल्या मांजरांच्या गटात बसलं. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि इंग्रज हौशी पैदासकारांनी पुढच्या काळात स्थानिक मांजरांशी संकर करून ही जात घडवली. लांब केसांना कारणीभूत असलेले एफजीएफ५ या जनुकातले बदल २००७ साली सापडले. ते अप्रकट असतात, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून आले तरच पिल्लू लांब केसांचं होतं.

केस जनुकातून येतात, हे पटतं. पण पर्शियन घ्यायला येणारा माणूस मांडीवर येऊन बसणारं मांजर मागत असतो. तो लळाही वंशातून येतो का?

थोडाफार येतो. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली ५,७२६ मांजरांच्या स्वभावाची माहिती तपासली. माणसाजवळ येणं, बुजरेपणा, चपळाई यांत मांजरा-मांजरांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला साधारण ४० ते ५३ टक्के आनुवंशिक असल्याचं त्यांना आढळलं. त्याआधी, १९९५ साली, सॅन्ड्रा मॅक्यून यांनी मला फार महत्त्वाचा वाटणारा प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणसाळलेल्या बोक्याची पिल्लं आणि माणसापासून दूर राहणाऱ्या बोक्याची पिल्लं त्यांनी एक वर्षाची झाल्यावर तपासली. पहिल्या गटातली पिल्लं अनोळखी माणसाकडे लवकर गेली आणि कधी न पाहिलेल्या वस्तूपाशीही धीटपणे पोहोचली. त्यांनी बापाला कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे शिकण्याचा प्रश्नच नव्हता. बापाकडून धीटपणा आला होता, आणि लळ्याचं मूळ त्या धीटपणात होतं. आपल्याकडे क्रॉसिंगसाठी बोका निवडताना रंग, डोळे आणि नाकाचा चपटेपणा बघतात. पाहुणा आला की तो पलंगाखाली दडतो का, हे कुणी विचारत नाही.

उरलेला वाटा माणसाच्या हाताचा. अमेरिकेत टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात पिल्लांचे गट केले. काहींना तिसऱ्या आठवड्यापासून रोज हाताळलं, काहींना सातव्यापासून, काहींना अजिबात नाही. तिसऱ्या आठवड्यापासून हाताळलेली पिल्लं पुढे माणसाच्या मांडीवर सर्वांत जास्त वेळ थांबली, आणि रोज पंधरा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं हाताळलेली त्याहूनही जास्त. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ या कामी कळीचा. आजी, शाळकरी मुलं, शेजारी असे चार-पाच जण रोज उचलून घेतात, तिथली पिल्लं परक्या माणसालाही कमी बुजतात. गजबजलेल्या घरात वाढलेलं वेत पिंजऱ्यात वाढलेल्या वेतापेक्षा सरस निघतं, ते यामुळे.

घाई मात्र नडते. चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू विकण्याची पद्धत सर्रास आहे. हेलसिंकीच्याच गटाने २०१७ साली सुमारे सहा हजार मांजरांचा अभ्यास केला. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली मांजरं पुढे जास्त आक्रमक निघाली, तर चौदा आठवड्यांनंतर वेगळी झालेली सर्वांत शांत. पिल्लाला रोज हाताळायचं आणि आईजवळही राहू द्यायचं, हे दोन्ही एकाच वेळी साधायला हवं.

घरी वेत काढणाऱ्यांना ठाऊकच हवी अशी एक गोष्ट रक्ताची आहे. मांजरांत ए, बी आणि क्वचित एबी असे रक्तगट असतात. सयामीत बी जवळजवळ नसतो, पर्शियन आणि ब्रिटिश शॉर्टहेअरमध्ये मात्र तो चांगलाच आढळतो. बी गटाच्या मांजरीच्या रक्तात ए गटाविरुद्धची प्रतिपिंडं नैसर्गिकपणेच आणि जोरदार असतात. तिला ए गटाचा बोका लावला, तर ए गटाची पिल्लं धडधाकट जन्मतात, आईला लुचतात आणि चिकाबरोबर तीच प्रतिपिंडं त्यांच्या आतड्यातून रक्तात उतरतात. लाल पेशी फुटू लागतात. लघवी गडद तांबूस होते, अंग पिवळं पडतं, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू दगावतं. घरचे नजर लागली म्हणतात, नाहीतर थंडीला दोष देतात. खरं तर चीक पिल्लाला रोगांपासून वाचवणारा, इथे तोच जिवावर उठतो. क्रॉसिंगआधी दोघांचे रक्तगट तपासले की हे टळतं. जोडी लागूनच गेली असेल, तर जन्मताच पिल्लं आईपासून वेगळी करून पहिला दिवस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मांजराच्या पिल्लांसाठीचं दूध पाजायचं. आतड्याचं हे दार साधारण दिवसाभरात बंद होतं, मग पिल्लं आईकडे परत देता येतात.

दुसरं दुखणं सावकाश येतं. पीकेडी१ जनुकातल्या एका बदलामुळे पर्शियनच्या मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी वाढत जातात आणि ऐन वयात, बऱ्याचदा सातव्या वर्षाच्या आसपास, मूत्रपिंडं निकामी होतात. हा बदल २००४ साली सापडला, तेव्हा जगभरातल्या सुमारे ३८ टक्के पर्शियन मांजरांत हा आजार असल्याचा अंदाज होता. एका पालकात दोष असला की सरासरी निम्म्या पिल्लांत उतरतो. बोका दोन वर्षांचा असताना निरोगीच दिसतो, दहा-बारा मांजरींना लावला जातो, आणि दोष दहा-बारा घरांत पोहोचतो. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्याची एक डीएनए तपासणी ही साखळी तोडते.

पर्वत पाटियाला शाकाहारी घरं भरपूर, म्हणून आहाराबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. दूध-पोळीवर मांजर जगवता येत नाही. टॉरिन हे द्रव्य मांजराचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही, ते मांस आणि मासळीतून मिळतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो आणि हृदय फुगून दुबळं होतं. हृदयाचा हा संबंध पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिला. गाभण मांजरीत टॉरिन कमी असेल, तर गर्भ टिकत नाहीत आणि जगलेली पिल्लं खुरटी राहतात. घरात मांस आणायचं नसेल, तर टॉरिन घातलेलं मांजराचं तयार खाद्य द्यावं. तेही घरात नको असेल, तर मांजर पाळू नये.

राहिला चेहरा. पंच फेसला भाव जास्त, पण नाक जितकं आत दबलेलं, तितकी श्वासाची वाट अरुंद आणि अश्रूंची नळी वाकडी. डोळे सतत पाझरतात, बाळंतपणं अडतात. सुरतेच्या मे महिन्यात, दमट उकाड्यात, धापा टाकून अंग निववण्याची वेळ आली की असं मांजर पहिलं कोसळतं. पैदासकार गिऱ्हाईक मागेल तेच पिकवतो. गिऱ्हाईकाने उघड्या नाकपुड्यांचं डॉल फेस पिल्लू मागितलं, आईबरोबर बोकाही बघू म्हटलं, मूत्रपिंडाच्या तपासणीचा कागद मागितला आणि तीन महिने थांबायची तयारी दाखवली, तर दोन-तीन वेतांत या बाजाराची पसंती बदलू शकते.