जर्मन खेड्यांतील कुळाचा शोध
अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन कुटुंबांचे वंशज आपल्या पूर्वजांचे खेडे शोधीत जर्मनीत येतात. सबंध जर्मनीत जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद १८७६ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीचा मुख्य आधार म्हणजे चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या. एकाच चर्चच्या वहीत पुष्कळदा भोवतालच्या अनेक वाड्यांची कुटुंबे सापडतात.

परंतु वेस्टफालियात केवळ आडनावावर विसंबून चालत नाही. तेथे शेतवाडीलाच नाव असे, आणि तिच्या वारस कन्येशी विवाह करून तेथे राहावयास आलेला जावई पुष्कळदा तेच नाव धारण करी. त्यामुळे सख्ख्या भावांचीही आडनावे भिन्न होत. म्हणून, विद्यार्थीमित्रहो, पूर्वज कोणत्या शेतवाडीवर नांदला, हे तेथे आधी पाहावे लागते. तुटलेला धागा पुष्कळदा तेथेच जुळतो.