चाके चार, रस्ते दोन

पुण्याहून कोल्हापूर, हुबळी, बेंगळुरू असे करीत चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला पोहोचायचे म्हणजे अकराशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा, १९९० मध्ये सुरू झालेला शर्यतीचा ट्रॅक तेथे आहे. एक फेरी सुमारे ३.७ किलोमीटरांची. शर्यतींचा मोसम नसताना हौशी मोटारमालकांना शुल्क भरून आपली स्वतःची गाडी तेथे चालविता येते. दिवसभरात पंचवीस फेऱ्या झाल्या तरी भरतात जेमतेम नव्वद किलोमीटर. जाण्यायेण्याचे होतात तेवीसशे. ऑफिसला जाणारी, मुलांना शाळेत सोडणारी आणि वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर उतरणारी अशी एकच मोटार ज्यांच्याजवळ आहे, त्यांची खरी अडचण या दोन आकड्यांमध्ये दडलेली आहे. ट्रॅकवरच्या नव्वद किलोमीटरांसाठी चाके ज्या कोनात बसवावीत असे वाटते, तो कोन तेवीसशे किलोमीटरांच्या सरळ रस्त्याला मानवत नाही.

मोटारीचा प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेवर. हजार-अकराशे किलो वजनाची गाडी वळते, थांबते, धावते ती या चार तळहातांच्या बळावर. स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर, लोअर आर्म, अँटी-रोल बार हा सारा पसारा त्यासाठीच असतो, की गाडी कशीही कलली, उसळली तरी हे तळहात जमिनीवर सपाट राहावेत. अलाइनमेंट म्हणजे त्यांची बैठक.

या बैठकीचे तीन कोन महत्त्वाचे. गाडीकडे समोरून पाहिले असता चाकाचा माथा आत झुकलेला दिसला तर तो ऋण कॅम्बर, बाहेर झुकलेला दिसला तर धन. वरून पाहिले असता पुढच्या चाकांची नाके एकमेकांकडे वळलेली असतील तर टो-इन आणि फेंगडे चालणाऱ्या माणसाच्या पावलांसारखी बाहेर फाकलेली असतील तर टो-आउट. तिसरा कोन कॅस्टरचा. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, तिरपा असतो. हात सोडूनही सायकल सरळ धावू शकते त्यामागे या तिरपेपणाचा मोठा वाटा असतो. मोटारीचे स्टिअरिंग वळणानंतर आपोआप मध्यावर येते तेही मुख्यतः याच कोनामुळे.

आता वळणावर काय घडते ते पाहू. गाडी वेगाने उजवीकडे वळली की तिचे अंग डावीकडे कलते आणि बहुतेक भार डावीकडच्या, म्हणजे बाहेरच्या चाकांवर येतो. अंगाबरोबर चाकही कलते. समजा, गाडी चार अंश कलली आणि सस्पेन्शन दबताना चाकाने स्वतःहून एक अंश आत झुकून भरपाई केली, तरी तीन अंश उरतातच. सर्वाधिक भार असलेला टायर मग बाहेरच्या कडेवर उभा राहतो, तळहाताचा पार करंगळीकडचा काठ तेवढा टेकावा तसा. पकड जाते, कड तापते, रबराच्या गोळ्या निघतात. कारखान्यातून आलेली गाडी ट्रॅकवर नेणाऱ्यांचे पुढचे टायर एका दिवसात बाहेरच्या कडेला भुंडे होतात ते यामुळे. उपाय सरळ आहे. चाक उभे असतानाच तीन अंश आत झुकवून ठेवायचे, म्हणजे वळणावर ते बरोबर सपाट बसेल. शर्यतीच्या गाड्यांची पुढची चाके आत झुकलेली दिसतात ती शोभेसाठी नव्हे.

पण तीच गाडी महामार्गावर सरळ धावू लागली की हिशेब उलटतो. आता टायरची आतली कड अधिक भार वाहते. जोरात ब्रेक लावताना पूर्ण रुंदी कामी येत नाही, त्यामुळे थांबण्याचे अंतर वाढू शकते. रस्त्यावरच्या गाडीत म्हणूनच कॅम्बर शून्य ते ऋण एक अंशाच्या आसपास ठेवलेला असतो. निव्वळ ट्रॅकच्या गाडीत तो अडीच-तीन अंशांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे नेतात.

टायर खाण्याचे खापर मात्र नेहमी कॅम्बरवर फुटते आणि ते फारसे न्याय्य नाही. खरा चोर टो. चाकाची दिशा प्रवासाच्या दिशेपासून पाव अंशाने जरी चुकली, तरी भूमितीच्या हिशेबाने ते दर किलोमीटरला सुमारे साडेचार मीटर आडवे घासत जाते. पुणे ते इरुंगट्टुकोट्टई आणि परत या प्रवासात ही घासाघीस दहा किलोमीटरांची होते! दीड-दोन अंश ऋण कॅम्बर आणि नेमका शून्य टो असलेली गाडी हजारो किलोमीटर बिनतक्रार धावते. त्याच कॅम्बरला चुकीच्या टोची जोड मिळाली की आतली कड बघता बघता उडते. गंमत अशी की हे दोन कोन एकमेकांना बांधलेले आहेत. कॅम्बर बदलला की टो आपोआप बदलतो. ट्रॅकवर पोहोचून वरच्या प्लेटवर कॅम्बर वाढवायचा आणि निघताना पुन्हा कमी करायचा ही युक्ती दिसते सोपी, परंतु प्रत्येक वेळी टो तपासला नाही तर परतीच्या वाटेवर ती टायरच्या किमतीत वसूल होते.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारींत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना स्वस्त, सुटसुटीत आणि कमी जागेत मावणारी आहे. तिची उणीव एकच: दबताना चाक आत झुकण्याची तिची क्षमता मर्यादित असते आणि गाडी खाली बसविली की तीही संपते. नेमके हेच आपल्याकडे सर्रास केले जाते. स्प्रिंगा कापून किंवा आखूड स्प्रिंगा घालून गाडी दोन इंच खाली आणली की ती रुबाबदार दिसते आणि गुरुत्वमध्य खाली आल्याने ती वळणावर अधिक पकड देईल असा समज होतो. प्रत्यक्षात लोअर आर्मचे चाकाकडचे टोक वर जाते, गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली घसरतो आणि कलण्याची तरफ लांब होते. स्प्रिंगा पुरेशा कडक नसतील तर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलू शकते. शिवाय टाय रॉड आणि लोअर आर्म यांच्या हालचालींचा मेळ बिघडतो. खड्ड्यात चाक गेले की स्टिअरिंग न फिरविताही ते किंचित वळते आणि सरळ रस्त्यावर गाडी बहकल्यासारखी वागते. कापलेल्या स्प्रिंगेचा आणखी एक धोका म्हणजे चाक पूर्ण लोंबकळले की ती आपल्या खोबणीतून सुटू शकते. ज्या गाडीला रोज आपल्याकडचे गतिरोधक ओलांडायचे आहेत, तिच्यासाठी पंधरा-वीस मिलिमीटरांहून अधिक खाली बसविण्याचा आग्रह हा हट्टच म्हणावा लागेल.

पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांचा ट्रॅकवरचा स्थायी रोग म्हणजे वळणात नाक बाहेर जाणे. स्टिअरिंग वळविले तरी गाडी सरळच जाऊ पाहते. पुढचा कॅम्बर वाढविणे हा त्यावरचा पहिला उपचार. मागचा अँटी-रोल बार जाड करणे हा दुसरा. मागचा भाग कडक झाला की भार सरकविण्याचे काम तो अधिक उचलतो आणि पुढच्या बाहेरच्या टायरचे ओझे हलके होते. तिसरा उपचारही काही जण सुचवितात. मागच्या चाकांना थोडा टो-आउट द्यायचा म्हणजे शेपूट चटकन फिरते. शर्यतीत, कोरड्या ट्रॅकवर, सरावलेल्या हातांत हे ठीक. पावसाळ्यात बोर घाट उतरताना अचानक ब्रेक लावावा लागला तर हेच फिरणारे शेपूट गाडीला गरकन वळवू शकते. कुटुंब ज्या गाडीत बसते तिची मागची चाके किंचित टो-इनच असावीत. येथे तडजोडीला जागा नाही. अनेक हॅचबॅक मोटारींत मागे साधा टॉर्शन बीम असतो व त्याचे कोन सहजी बदलता येत नाहीत, हे एका अर्थी बरेच आहे.

मग एकाच गाडीचे जमवायचे कसे? पुढे दीड ते दोन अंश ऋण कॅम्बर, टो शून्याच्या अगदी जवळ, मागे किंचित टो-इन, ही बहुतेकांना पेलणारी मध्यममार्गी मांडणी. स्ट्रट ज्या बोल्टांनी जखडलेला असतो त्यांच्या जागी बारीक किंवा विकेंद्री बोल्ट घालून पुष्कळ गाड्यांत एखादा अंश मिळविता येतो. जेथे कॅस्टर वाढविता येतो तेथे तो अवश्य वाढवावा, कारण त्याने स्टिअरिंग वळविल्यावरच बाहेरचे चाक आत झुकते, सरळ रस्त्यावर टायरला त्याची किंमत मोजावी लागत नाही. स्टिअरिंग थोडे जड होते, इतकेच.

हे सारे करणाऱ्या यंत्रावर आणि ते चालविणाऱ्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. संगणकाच्या पडद्यावर हिरवा रंग दिसला म्हणजे काम झाले असे नव्हे. झिजलेले बुश, ढिले बॉल जॉइंट तसेच ठेवून केलेले अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकते. टायरमधील हवा आधी सारखी करावी, टाकीत नेहमीइतके इंधन असावे आणि चालकाच्या आसनावर त्याच्या वजनाचा भार ठेवावा. आधी कॅस्टर, मग कॅम्बर आणि टो सर्वांत शेवटी, हा क्रम. अनेक शर्यती संघ आजही गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून टो मोजतात. गवंडी भिंतीची ओळ धरतो त्याच न्यायाने.

मांडणी जमली की नाही हे शेवटी टायरच सांगतो. फेरी संपवून गाडी थांबताच टायरचे तापमान आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी सुई टोचून मोजतात. बाहेरची कड जास्त तापली असेल तर कॅम्बर कमी पडला. मधला भाग तापला असेल तर हवा जास्त आहे. आतली कड थोडी अधिक तापलेली चालते. तापमापक नसेल तर टायरच्या खांद्यावर खडूची रेघ ओढावी. ती कुठवर पुसली गेली यावरून टायर किती कलंडला हे कळते. ट्रॅकवर टायर तापून हवेचा दाब पाच-सहा पीएसआयने सहज वाढतो, म्हणून आधी थोडी हवा काढतात. संध्याकाळी, टायर थंड झाल्यावर, ती पुन्हा भरल्याशिवाय महामार्गाला लागणे धोक्याचे.

कायद्याची आणि विम्याची बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. खासगी मोटारीच्या विम्यातून शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर सामान्यतः वगळलेला असतो. ट्रॅकवर गाडी कठड्यावर आदळली तर खर्च मालकाचा.

ट्रॅकहून परतल्यावर गाडी धुण्याआधी एक तपासणी करावी. ऋण कॅम्बरच्या गाडीत टायर आतल्या कडेला झिजतो आणि ती कड उभ्याने दिसत नाही. बाहेरून नक्षी खोल, टायर ठणठणीत. आत मात्र रबर संपून तारा उघड्या पडलेल्या, अशी स्थिती असू शकते. असा टायर फुटतो तो बहुधा भर वेगात. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, गाडी बंद करून, आतल्या कडेवरून हात फिरवावा आणि विजेरीच्या उजेडात पाहावे. मोटारीसाठी नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर ठरलेली आहे. ती टायरच्या पूर्ण रुंदीत, आतल्या कडेलासुद्धा मोजायची असते.