बाटली क्रमांक ५३-एन

प्रतिकारशक्तीचे शास्त्र ज्यांनी केवळ पाठ्यपुस्तकांतून अभ्यासिले, त्यांस पंजाबातील मुलकोवाल हे खेडे ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु तेथील एका बाटलीने मला कित्येक वर्षे झपाटले आहे, आणि तिच्यावरून माजलेल्या वादाइतका या शास्त्राचा मार्मिक धडा मला अन्यत्र आढळलेला नाही.

१८९६ सालचा मुंबईतील प्लेग वाचकांस परिचितच आहे. ओडेसा येथे मेचनिकॉफ यांचे शिष्य असलेले वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत, तुपाचे थेंब तरंगणाऱ्या मांसरसात प्लेगाचे जंतू वाढवून ते उष्णतेने मारीत होते, आणि ती लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्याच अंगी टोचून घेतली. त्यांच्या गुरूंची सारी भिस्त जंतू गिळणाऱ्या श्वेतपेशींवर, तर जर्मन पंडितांची रक्तरसातील प्रतिविषावर. १९०८ साली नोबेल समितीने मेचनिकॉफ व जर्मन पक्षाचे एर्लिख यांस पारितोषिक विभागून दिले, हाच त्या भांडणाचा खरा न्याय. मृत जंतूची खूण स्मृतिपेशी जपून ठेवतात, हे लसीचे मर्म होय. मात्र प्लेगाची खूण पटलेल्या शरीरास धनुर्वात परकाच राहतो.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल येथे १०७ जणांस ही लस टोचण्यात आली, आणि ५३-एन ही बाटली ज्या १९ जणांच्या वाट्यास आली, ते सर्व धनुर्वाताने दगावले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या चौकशी समितीने ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला, कारण लसीत कार्बोलिक आम्ल घालण्याची वहिवाट हाफकिन यांनी सोडली होती. हाफकिन पदावरून दूर झाले.

समितीच्या दफ्तरातील जबान्या वाचताना मात्र माझा राग अनावर होतो. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांनी तिचा वास घेतला होता व दुर्गंध आला नव्हता. वस्तुतः धनुर्वाताचा जंतू हवेविना वाढताना असह्य घाण सोडतो. मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो ज्योतीवर न धरता नुसता जंतुनाशक द्रवात बुडवून वापरला गेला. सर्वांत बोलका पुरावा कालाचा: बाटलीत आठवडेच्या आठवडे विष साठलेले असते तर लक्षणे लवकर उमटली असती, परंतु ती उमटली सुमारे आठवड्याने, जखमेत नव्याने शिरलेले बीज रुजण्यास लागतो तेवढ्या अवकाशाने. न्यायमूर्तींस साक्षी पारखता येत होत्या. शरीराने दिलेली ही साक्ष त्यांनी वाचलीच नाही, असे माझे मत.

तरी हाफकिन यांचा कैवार घेताना हेही सांगितले पाहिजे की, धनुर्वाताची बीजे उष्णतेस दाद देत नाहीत. कितासातो यांनी १८८९ साली मिश्र वाढ तापवूनच हा जंतू वेगळा केला होता. अर्थात लसीत घालीत त्या प्रमाणातील कार्बोलिक आम्लालाही ती बीजे मारता आली नसती, इतकेच. शिवाय धनुर्वाताचे विष इतके जहाल की, प्राण घेण्यास पुरेशी मात्रा प्रतिकार जागविण्यास अपुरी पडते, आणि म्हणूनच दुखण्यातून वाचलेल्यासही नंतर धनुर्वाताची लस टोचावीच लागते.

१९०७ साली रॉनल्ड रॉस प्रभृती दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये हाफकिन यांच्या निर्दोषत्वाचा जाहीर पुकारा केला, तेव्हा कोठे सरकारने त्यांस पुन्हा नोकरीवर घेतले, तेही कलकत्त्यास. मुंबईतील परळच्या त्याच प्रयोगशाळेस त्यांचे नाव मिळण्यास १९२५ साल उजाडावे लागले.