सहाशे तबकड्यांचे स्थलांतर

चंद्रपूरचा उन्हाळा जिथे माणसांना सोसत नाही, तिथे गाण्यांच्या तबकड्यांना कसा सोसावा? पारा 45 अंशांपलीकडे नेणाऱ्या या गावात आमच्या सहाशे सीडी पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षे पडून होत्या. गेल्या पावसाळ्यात त्या साऱ्या संगणकावर उतरवून घेण्याचा मी घाट घातला. नव्या संगणकाला सीडीचा कप्पाच नसतो. तो बाहेरून जोडून घेतला.

"अहो, सगळी गाणी मोबाईलवर मिळतात की! हा उपद्व्याप कशाला?" इति आमची सौ.

विकतच्या सीडींपुरते तिचे म्हणणे मला मान्य आहे. पण पेटीच्या तळाशी चाळीसएक तबकड्या घरी भरलेल्या होत्या. धानाची कापणी उरकली की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव रात्र रात्र जागवतात. त्या झाडीपट्टी रंगभूमीवरची ती गाणी. 2023 साली गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा हे नाव वाचकांनी ऐकले असेल.

विकतच्या सीडीत गाणे साच्यातून उमटवलेले असते. घरच्या सीडीत ते लेसर किरणाने रंगाच्या थरावर भाजलेले असते, आणि तो रंग उन्हाने, उष्णतेने विटतो. म्हणून तळच्या तबकड्या आधी घेतल्या. एमपीथ्री पद्धतीत जागा वाचते, पण आवाजाचा काही अंश गाळला जातो. मी 'फ्लॅक' पद्धत निवडली. तीत काहीच गळत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. एक प्रत घरी ठेवली, दुसरी नागपूरला लेकीकडे.

खरे काम पुढेच होते. विकतच्या सीडीची गाणी, गायक यांची यादी संगणक इंटरनेटवरून आपोआप आणतो. आमच्या तबकड्यांपुढे मात्र नुसते 'ट्रॅक 1', 'ट्रॅक 2'! तेव्हा ब्रह्मपुरीहून थोरल्या मामांना बोलावून घेतले. वय 84. एके काळी मंडळीत ऑर्गन वाजवीत. दोन ओळी ऐकताच म्हणाले, "अरे बापू, हे वैरागडचं नाटक होय! थंडीनं माझी बोटं आखडली होती, ऐक." आणि खरोखरच, दुसऱ्या कडव्यात सूर अडखळतो.

गाणारी बाई कोण, तबल्यावर कोण, हे मामा सांगतात आणि मी टंकतो. मध्येच डोळा लागतो त्यांचा. मग मी थांबतो. तीन तबकड्या काही केल्या वाचता आल्या नाहीत. आजवर सतरांची नावे लागली. मामा कार्तिकी पौर्णिमेपर्यंत राहणार आहेत.